अकॉर्डियन म्हणून गाजलेली पेटी

मी पेटी बोलतेय. हार्मोनियम म्हणालात तरी चालेल. मध्यंतरी मात्र लाखो लोकांनी मला अकॉर्डियन समजून ऐकलं आणि मला ते निमूटपणे ऐकून घ्यावं लागलं. मी काही स्वतःहून बोलू शकत नाही. कुणीतरी भाता मारावा लागतो, कुणीतरी पट्टी दाबावी लागते. आज सांगतेय ते जरा धीर करूनच.

माझा जन्म पुण्यात, शनिवार पेठेतल्या एका बोळात झाला. सागवानाचं अंग, पितळेचे सूर, चामड्याच्या कडांचा भाता. मला घडवणारा कारागीर एकेक सूर कानाशी धरायचा, कानशीने इवलंसं घासायचा आणि पुन्हा कानाशी धरायचा. मला न्यायला आले ते शशी वाईकर. तमाशाच्या फडात पेटी वाजवायचे. सगळे त्यांना शशीमास्तर म्हणत.

मास्तरांबरोबर मी यात्रा-जत्रांची गावं पाहिली. ट्रकमध्ये मला राहुट्यांच्या कापडात गुंडाळून ठेवत. खेळ सुरू होण्याआधी समोर नुसता गोंगाट असायचा. शिट्ट्या, भांडणं, पोरांचं रडणं. मग मास्तर एक लहानसा तुकडा वाजवायचे. चार-पाच सुरांचाच. तो वर चढायचा, मध्येच थांबायचा आणि काहीतरी विसरल्यासारखा मागे फिरायचा. माणसं नकळत गप्प व्हायची. तो तुकडा त्यांना कुणी शिकवला नव्हता. "ही माझी सही," असं ते ढोलकीवाल्याला सांगायचे.

त्यांचा मुलगा उदय साताऱ्याला वसतिगृहात राहून शिकला. हुशार होता. सुट्टीत घरी आला की माझ्यासमोर बसायचा आणि मास्तर त्याला बोटं कशी टाकायची ते शिकवायचे. पुढे तो इंजिनियर झाला, सॉफ्टवेअरमध्ये गेला आणि कंपनीने त्याला इंग्लंडला, रीडिंगला पाठवलं. मास्तर गेले तेव्हा तो धावत आला. दिवस-कार्य झाल्यावर परत जाताना त्याने सामानातले कपडे कमी केले आणि मला बरोबर घेतलं.

रीडिंगमध्ये तो एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायचा. एका रविवारी सकाळी त्याने मला उघडलं. थोडं वाजवलं असेल-नसेल, तेवढ्यात दारावर थाप पडली. खालच्या खोलीतली लुसिया होती. ती कोलंबियाच्या समुद्रकिनाऱ्याकडची. इथल्या हॉस्पिटलमध्ये नुकतीच कामाला लागली होती.

"अकॉर्डियन कोण वाजवतंय?" तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं.

उदयने मला दाखवलं. ती खळखळून हसली आणि सरळ जमिनीवर मांडी घालून बसली. तिच्या गल्लीत एक म्हातारा अकॉर्डियन वाजवायचा, त्याची तिला आठवण झाली होती. तिचे स्वतःचे वडील बस चालवायचे. गाडी चालवताना मोठ्याने गायचे, आणि इतके बेसूर की उतारू थांब्याआधीच उतरतात, असं ती सांगायची. दोघांचं लग्न झालं. मायरा झाली.

त्या घरात तीन भाषा होत्या. आई मुलीशी स्पॅनिश बोलायची, बाबा मराठी, आणि आई-बाबा एकमेकांशी इंग्रजी. मायरा लहानपणी तिन्हींची भेळ करायची. भाता मारायला तिला फार आवडे. तिचे हात पुरत नव्हते तेव्हा ती माझ्यामागे उभी राहून दोन्ही तळव्यांनी भाता ढकलायची आणि उदय पुढून वाजवायचा. बहुतेक वेळा मास्तरांचाच तुकडा. तो त्याच्या बोटांना आपोआप यायचा.

रीडिंगच्या मराठी मंडळात गणपतीच्या आरत्यांना पेटी उदयचीच असे. कार्यक्रमानंतर कुणीतरी हमखास विचारायचं, "वडील गाण्यातले का हो?"

"हो. शाळेत संगीत शिकवायचे," तो म्हणायचा.

मी शेजारीच असायची. माझ्या अंगावर तेव्हाही जत्रेतल्या गॅसबत्तीचे डाग होते.

मायरा नऊ वर्षांची असताना तिच्या शाळेत प्रत्येकाने आपल्या घरची संस्कृती दाखवायचा दिवस होता. उदय मला घेऊन गेला. झब्बा घातला, हॉलमध्ये चादर पसरली, मांडी घातली आणि डोळे मिटून अभंग म्हणायला लागला. तान घेताना त्याचा हात हवेत जातो. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने त्याच्यासारखा हात केला. मग दुसऱ्याने. मग अख्खी रांग हात हलवत खिदळायला लागली. उदयला काही दिसलं नाही, त्याचे डोळे मिटलेले होते. मायराला सगळं दिसलं.

घरी येताना गाडीत ती म्हणाली, "बाबा, नेक्स्ट टाइम तू नको येऊ ना. ममाला बोलव. ती डान्स करेल."

"बरं," उदय म्हणाला.

त्यानंतर ती माझ्याजवळ एकटी असतानाच बसायची. दार लावून.

गळा मात्र तिचा सोन्यासारखा होता. सोळाव्या वर्षापासून ती अर्धं स्पॅनिश, अर्धं इंग्रजी अशी गाणी करून फोनवरून इंटरनेटवर टाकायला लागली. ऐकणारे वाढत गेले. लंडनच्या एका म्युझिक कंपनीतून हॅरिएट नावाची बाई घरी आली, हीच पुढे तिची मॅनेजर झाली. चहा पिता पिता म्हणाली की मुलीत मोठी चमक आहे, फक्त तिची गोष्ट एकच हवी, कोलंबियाची. दोन गोष्टी लोकांच्या लक्षात राहत नाहीत. वाईकर हे नाव तर कुणाच्या जिभेवरच बसणार नाही. त्या दिवसापासून मायरा वाईकरची मायरा सोल झाली. सोल म्हणजे स्पॅनिशमध्ये सूर्य. लुसियाला ते नाव आवडलं. उदय म्हणाला, "छान आहे. सुटसुटीत."

मग ते गाणं आलं. मायराने घरातल्या आपल्या खोलीत, खिडकीवर रजई लावून ते रेकॉर्ड केलं. सुरुवातीला तिने मलाच वाजवलं, आणि वाजवला तो मास्तरांचा तुकडा. कंपनीत तो आवाज यंत्रांतून फिरवला, त्याखाली ठेका टाकला. ऐकणाऱ्यांना वाटलं, कोलंबियाचं अकॉर्डियन. गाण्याखाली छापलं, 'कोलंबियन लोकधुनेवर आधारित'. त्या उन्हाळ्यात ते गाणं दुकानांत वाजलं, जिममध्ये वाजलं, समोरच्या घराला रंग देणाऱ्याच्या रेडिओवर वाजलं. दर वेळी उदय हातातलं काम थांबवून ऐकायचा. अभिमानच होता त्याला. कोलंबियाचं वगैरे छापलेलं कंपनीची चूक असेल, मायरा सांगेल त्यांना, असं तो म्हणायचा.

एका शनिवारी सकाळी रेडिओवर मायराची मुलाखत होती. ती तेव्हा लंडनला राहायला गेली होती. स्वयंपाकघरात उदय आणि लुसिया टेबलाशी बसून ऐकत होते. मी बाहेरच्या खोलीत होते, दार उघडं होतं. स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत वाढलेली मुलगी, अशी निवेदकाने ओळख करून दिली. मग त्याने विचारलं, "ते अकॉर्डियन कुठून आलं?"

मायरा म्हणाली, "माझ्या आजोबांचं. ममाचे बाबा. ते आमच्या गावात वाजवायचे."

"आणि तुझे वडील? तेही संगीतातले?"

"डॅड? नो, नो." ती हसली. "तो कॉम्प्युटरमध्ये आहे."

उदय उठला आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागला.

"उदय," लुसिया म्हणाली.

"बरोबरच आहे की," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "कॉम्प्युटरमध्येच आहे मी."

दुपारी लुसियाच्या बहिणीचा कोलंबियाहून फोन आला. ती हसत होती. आपले पप्पा अकॉर्डियन कधीपासून वाजवायला लागले, असं विचारत होती. लुसिया हसली नाही. तिने मायराला फोन लावला आणि माझ्यादेखत इतकी चिडून बोलली की स्पॅनिश येत नसतानाही मला सगळं कळलं. उदयने नंतर विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "मी म्हटलं, माझे वडील बस चालवायचे. तेवढं पुरेसं नव्हतं का तुला? आणि म्हटलं, आधी तुझ्या बाबांना फोन कर."

मायराचा फोन आला नाही. आठवडे गेले. लाज वाटली की माणूस माफी मागायला येईल असं मला वाटायचं. तसं नसतं. लाज वाटली की माणूस फोनच करत नाही.

मग अचानक तिचा फोन आला. उदयने घाईघाईने उचलला.

"बाबा, मँचेस्टरला फेस्टिव्हल आहे. पार्कमध्ये. सगळं लाइव्ह पाहिजे, रेकॉर्ड केलेलं वाजवणं अलाउड नाही. कीबोर्डवाला ट्राय केला, पण त्याला ते पेटी जमत नाही. भाता आणि हात एकदम... तू येशील?"

"येईन की," उदय म्हणाला. त्याचा आवाज इतका वर गेला की लुसिया वरच्या मजल्यावरून खाली आली.

पुढचे दिवस त्याचे माझ्यातच गेले. सेंट्रल हीटिंगने माझं लाकूड सुकलं होतं, भात्याच्या कोपऱ्याला चीर पडली होती. त्याने चामड्याचं ठिगळ लावलं, सूर पुसले, दोन पट्ट्या अडकत होत्या त्या मोकळ्या केल्या. कपाटातून मोतिया रंगाचा रेशमी झब्बा काढून इस्त्री केला. लुसियाला मात्र चल म्हणूनही ती आली नाही. तिचा राग गेला नव्हता.

मँचेस्टरला ऊन होतं. पार्कभर माणसं गवतावर पसरली होती. स्टेजच्या मागे हॅरिएट भेटली. तिने उदयच्या झब्ब्याकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, "लव्हली. पण मागे बसणाऱ्या सगळ्यांना काळे कपडे असतात." तिने त्याच्या हातात काळा टी-शर्ट दिला.

"मागे?" उदय म्हणाला.

स्टेजवर एक काळा पडदा होता. त्याच्या मागे एक खुर्ची, माझ्यासाठी एक स्टूल आणि माइक. पडद्याच्या पुढे मातेओ नावाचा एक देखणा नाचणारा मुलगा गळ्यात लाल अकॉर्डियन अडकवून उभा राहणार होता. ते अकॉर्डियन वाजणार नव्हतं. त्याने फक्त ते उघडायचं आणि मिटायचं.

मायरा तिथेच उभी होती. ती बुटाच्या नाड्यांकडे बघत होती. "बाबा, इट्स जस्ट... लोकांना तसं माहितेय ना आता."

उदयने झब्बा काढला, नीट घडी केली आणि माझ्या खोक्यात ठेवला. मातेओ जवळ आला, हळूच "सॉरी, सर," म्हणाला आणि निघून गेला. त्या पोरालाही कसंतरी होत होतं.

गाणं सुरू झालं. उदयने तो तुकडा वाजवला. त्या दिवशी वाजवला तसा त्याने पूर्वी कधी वाजवला नव्हता. वर चढून थांबला तेव्हा अख्खं पार्क थांबलं. मग मायराचा आवाज आला. तो मला नेहमीपेक्षा बारीक वाटला. गाणं संपल्यावर लोक ओरडत होते, टाळ्या वाजत होत्या. तिने मातेओकडे हात केला. मातेओने वाकून टाळ्या घेतल्या. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी येत होती, उदय त्या पट्टीकडे बघत बसला.

त्यानंतर मागच्या फाटकाशी चाहते जमले. मायरा सह्या देत होती, फोटो काढू देत होती. उदय मला उचलून गाडीकडे निघाला होता. वाट त्या गर्दीतूनच होती. कठड्याशी एक मुलगी उभी होती, मँचेस्टरच्या युनिव्हर्सिटीत शिकणारी, नागपूरची. सिया तिचं नाव. तिने खोका पाहिला, उदयचा चेहरा पाहिला आणि मराठीत ओरडली, "काका! ही पेटी आहे ना? मी मैत्रिणीला सांगत होते, हे अकॉर्डियन नाहीच आहे. आमच्या घरी आहे पेटी, मला आवाज कळतो. तुम्हीच वाजवली ना पडद्यामागून?"

मायराचं पेन थांबलं. हॅरिएटने मान वळवली. चार-पाच फोन उदयकडे वळले.

उदय हसला. मंडळात हसायचा तसंच हसला. "नाही गं बाळा," तो म्हणाला. "मी सामान उचलतो यांचं."

मायराला मराठी बोलायला अडचण येते, कळायला कधीच आली नाही. ते वाक्य तिला नीट कळलं. आपल्याला वाचवायला आपला बाप काय म्हणाला, ते शब्दन् शब्द कळलं. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. रडू नव्हतं त्यावर. अंगावरचं पांघरूण कुणी ओढून घेतल्यावर माणूस दिसतो, तशी ती दिसत होती.

ती कठडा सोडून आली. हॅरिएट म्हणाली, "मायरा, नॉट नाऊ." ती थांबली नाही. तिने खोक्याला दुसऱ्या बाजूने हात घातला.

"तो खोटा बोलतो," ती सियाला मराठीत म्हणाली. शब्द शोधत होती. "तो माझं बाबा आहे. पेटी त्याचं आहे. ते ट्यून पण... मी चोरला. कोलंबियाचा नाही."

आजूबाजूला कुणीतरी हसलं. तिच्या मराठीला हसलं, की आणखी कशाला, मला माहीत नाही. उदयने खोका आणखी घट्ट धरला.

ते दोघं त्या दिवशी मँचेस्टरलाच हॉटेलात राहिले. सकाळी रीडिंगला निघाले. मी मागच्या सीटवर होते, मला पट्टा लावला होता. मोटरवेवर एका ठिकाणी चहा घ्यायला थांबले, पण गाडीतून उतरले नाहीत. कागदी कप हातात धरून बसले.

"बाबा, आय अॅम सो अशेम्ड," ती म्हणाली. "तू रागाव ना. प्लीज."

उदयने कप डॅशबोर्डवर ठेवला. "तुझे आजोबा शाळेत संगीत शिकवत नव्हते," तो म्हणाला. "तमाशात पेटी वाजवायचे. ती ट्यून त्यांची आहे."

"तमाशा म्हणजे?"

त्याने सांगितलं. फड, ढोलकी, नाचणाऱ्या बाया, शिट्ट्या, गावोगाव फिरणं. मग म्हणाला, "मी वसतिगृहात होतो. एकदा ते मला भेटायला आले. जवळच्या जत्रेतून थेट आले होते, पेटी खांद्यावर. मुलं खिडकीतून बघत होती. कोण रे हा, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शाळेची पेटी दुरुस्त करायला आलेला माणूस आहे."

मायराने हातातला कप खाली ठेवला.

"वडिलांनी ऐकलं ते. मग खरंच शाळेच्या हॉलमध्ये गेले. शाळेची पेटी उघडली, दुरुस्त केली आणि मला न भेटता निघून गेले. मी खोटा पडू नये म्हणून." उदयने समोरच्या काचेकडे बघत नाक पुसलं. "मी तुला कोणत्या तोंडाने रागावू, मायरा?"

त्या दिवशी मी त्यांच्या खांद्यावर होते. परत जाताना मास्तर एसटीत मला मांडीवर घेऊन बसले होते आणि बोटं माझ्या मिटलेल्या झाकणावर वाजवत होते. हे उदयला माहीत नाही. सांगण्यासारखा सूर माझ्यात नाही.

सियाच्या मैत्रिणीने काढलेला व्हिडिओ सगळीकडे फिरला. लोकांनी मायराला खोटारडी म्हटलं. तिच्या मराठीची नक्कल करून हसले. कोलंबियाच्या चाहत्यांना वाटलं, आपल्याला एक नकली आजोबा विकला गेला. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. कंपनीने पुढचा अल्बम थांबवला, हॅरिएटचे फोन बंद झाले. मायराने स्पॅनिशमध्ये माफी मागितली, मग इंग्रजीत, मग उदयला शेजारी बसवून मराठीत. मराठीला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. मावशीला फोन करून तिने आपल्या खऱ्या आजोबांच्या बसची गोष्ट पहिल्यापासून विचारून घेतली. लुसिया तेव्हा शेजारी बसून मटार सोलत होती. फोन संपला तेव्हा तिने मुलीचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं.

गाण्याखाली आता 'मूळ धून: शशी वाईकर' असं छापलेलं आहे. ऐकणारे पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी आहेत.

मायरा सध्या रीडिंगलाच असते. दुकानात गेली आणि कुणी ओळखलं तर अजून मान खाली घालते. उदयही मंडळात अजून पहिल्यासारखा मोकळा नाही. वडिलांचं खरं काम त्याने तिथे सांगितलं तेव्हा दोघं-तिघं नुसतेच "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि प्रसाद घ्यायला वळले. अनुराधाताई म्हणून एक वयस्कर बाई आहेत, त्या तेवढ्या त्याच्याजवळ आल्या आणि मास्तरांचं पूर्ण नाव विचारून गेल्या.

मी आता बाहेरच्या खोलीत खिडकीखाली असते. भात्याला ठिगळ आहे, खर्जातला एक सूर फुटला आहे, त्याच्या जागी नवा पुण्याहून यायचा आहे. मायरा रोज माझ्यासमोर बसते. दार उघडं ठेवते. तिचं पुढचं गाणं अजून झालेलं नाही. कधी स्पॅनिशमधून सुरू करते, कधी इंग्रजीतून, अडते, चिडते, उठून जाते आणि परत येते.

वाचणाऱ्यांनो, मी लाकडाची आणि पितळेची. माणसांना शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही. एवढंच मागते, की आपल्या माणसाची परक्यासमोर ओळख करून द्यायची वेळ आली तर त्याचं नाव घ्या. तो तुमच्यासाठी खोटं बोलायला तयार असतो. त्याच्यावर ती वेळ येऊ देऊ नका.

बाहेर आज ऊन पडलंय. लुसिया कामावर गेली आहे. उदयने खुर्ची ओढली आहे आणि मायरा त्याला म्हणतेय, "बाबा, हळू वाजव. मला तुझं बोट बघायचे आहे." तो हळू वाजवतोय. मी आता गप्प बसते, म्हणजे तिला नीट ऐकू येईल.